सिमेंटच्या गोणीवरचं ‘पोर्टलंड’ कुठलं? नाव नीट वाचलं तर पाणी किती दिवस मारायचं तेही कळतं

घरकुलाचा हप्ता खात्यात जमा झाला की पहिली फेरी तालुक्याच्या गावी सिमेंटच्या दुकानात होते. दुकानदार विचारतो, कोणत्या कंपनीचं देऊ? गवंड्याने सांगितलेलं नाव घेतलं जातं, भाव ठरतो आणि गोण्या टेम्पोत चढतात. त्या गोणीवर कंपनीच्या नावाखाली इंग्रजीत आणखी तीन शब्द असतात. ‘ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट’ किंवा ‘पोर्टलंड पोझोलाना सिमेंट’. ते फारसं कोणी वाचत नाही. वाचलं तरी पोर्टलंड ही एखादी विलायती कंपनी असेल असं समजून सोडून दिलं जातं.

पोर्टलंड ही कंपनी नाही. गोणी कोणत्याही कंपनीची असो, स्वस्त असो की महाग, पोर्टलंड हा शब्द तिच्यावर असतोच. ते एका गावाचं, खरं तर एका बेटाचं नाव आहे आणि त्याच्यामागे एका गवंड्याची गोष्ट आहे. त्याच्या शेजारचा पोझोलाना हा शब्दही दुसऱ्या एका गावाचा आहे. या दोन शब्दांत फरक काय, हे ज्याला कळलं त्याला स्लॅबवर सात दिवस पाणी मारायचं की चौदा दिवस, हेही कळतं. ज्या घरासाठी आयुष्यभराची जमा लागते, त्या घराच्या स्लॅबचा प्रश्न या शब्दांत आहे.

घरात आधीच चार गावं आहेत

बांधकामाच्या वस्तूंना गावांची नावं असणं आपल्याला नवीन नाही. ओसरीवर शहाबादी फरशी असते. ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. स्वयंपाकाच्या ओट्याला काळा कडप्पा असतो. तो आंध्र प्रदेशातल्या कडप्पाचा. पायऱ्यांना हिरवट कोटा लावला तर तो राजस्थानातल्या कोट्याचा. जुन्या घरावर मंगलोरी कौलं असतील तर ती मंगलोरची. बासेल मिशनने तिथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या पद्धतीच्या कौलाला, ते कुठेही भाजलेलं असो, मंगलोरीच म्हणायची रीत पडली.

म्हणजे गावाचं नाव वस्तूला दोन प्रकारे चिकटतं. एक, वस्तू खरोखर त्या गावची असते, शहाबादी फरशीसारखी. दोन, वस्तू आधी त्या गावाहून येते आणि मग नावच तिचं नाव होऊन बसतं, मंगलोरी कौलासारखं. पोर्टलंड सिमेंटची गोष्ट या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. त्या सिमेंटमध्ये पोर्टलंडचा एक कणही नाही आणि कधी नव्हताही.

पोर्टलंड कुठे आहे?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाचा जिल्हा आहे. त्याच्या टोकाला समुद्रात पोर्टलंड नावाचं लहानसं बेट आहे. लांबी साधारण सहा-साडेसहा किलोमीटर, रुंदी तीन किलोमीटरच्या आत. गोट्यांच्या एका लांब बांधाने ते जमिनीला जोडलेलं आहे. या बेटावर पांढुरका, राखाडी छटेचा चुनखडक निघतो. घडवायला चांगला आणि हवा-पावसाला टिकणारा. लंडनचं प्रसिद्ध सेंट पॉल कॅथेड्रल याच दगडाचं आहे. त्या काळात इंग्लंडमध्ये घर पोर्टलंडच्या दगडाचं आहे म्हटलं की पुढे बोलायची गरज नसे.

इंग्लंडच्या उत्तरेला लीड्स नावाचं शहर आहे. तिथे जोसेफ ॲस्पडिन नावाचा गवंडी राहत होता. बापही गवंडी, मुलगाही गवंडी. विटा रचायच्या, गिलावा करायचा हे त्याचं रोजचं काम. चुन्याच्या मालापेक्षा घट्ट, पाण्यात न विरघळणारं काही करता येईल का, याचे प्रयोग तो करत होता. चुनखडक भाजायचा, तो मातीत मिसळायचा, पुन्हा भाजायचा, दळायचा. चुनखडक विकत घेणं परवडत नसावं, कारण लीड्सच्या रस्त्यांवर बसवलेले चुनखडकाचे दगड उचलून नेल्याबद्दल त्याच्यावर एकदा नव्हे, दोनदा खटला झाल्याची नोंद आहे. रस्त्याचा दगड चोरणाऱ्या गवंड्याच्या हातून जगाचं बांधकाम बदलणार होतं, हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणार?

२१ ऑक्टोबर १८२४ रोजी त्याला पेटंट मिळालं. पेटंट होतं कृत्रिम दगड तयार करण्याच्या सुधारित पद्धतीचं. आपल्या भुकटीला त्याने नाव दिलं पोर्टलंड सिमेंट. कारण सरळ होतं. ही भुकटी पाण्यात कालवून वाळूसोबत घट्ट झाली की दिसायला पोर्टलंडच्या दगडासारखी दिसे. दगड सर्वांत नावाजलेला, म्हणून नाव त्याचं घेतलं. आपल्याकडे बाजारात आंबा विकणारा ‘देवगडसारखा आहे बघा’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की आंबेवाल्याचा ‘सारखा’ हा शब्द लगेच गळून पडतो, आणि इथेही तसंच झालं. ‘पोर्टलंडच्या दगडासारखं दिसणारं सिमेंट’ यातला ‘सारखं दिसणारं’ हा भाग गेला आणि पोर्टलंड सिमेंट एवढंच उरलं.

ही तुलना पहिल्यांदा ॲस्पडिननेच केली असंही नाही. त्याच्या कितीतरी आधी, १७५६ ते १७५९ या काळात जॉन स्मीटन या इंजिनिअरने इंग्लंडजवळ भर समुद्रातल्या एडिस्टन खडकावर दीपस्तंभ बांधला. लाटांखाली न सुटणारा चुना त्याला हवा होता. ज्या चुनखडकात मातीचा अंश असतो त्याचाच चुना पाण्यात घट्ट होतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानेही आपल्या मिश्रणाच्या टिकाऊपणाची तुलना पोर्टलंडच्या दगडाशीच केली होती.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ॲस्पडिनचं सिमेंट म्हणजे आजचं सिमेंट नव्हे. त्याची भट्टी तेवढी तापत नव्हती. पुढे १८४० नंतरच्या काळात त्याचा मुलगा विल्यम आणि आयझॅक जॉन्सन यांच्यासारख्या कारखानदारांनी माल जास्त तापवून भाजला, तेव्हा आजच्या जवळ जाणारं सिमेंट तयार झालं. माल बदलला, कृती बदलली, पण गवंड्याने ठेवलेलं नाव तसंच राहिलं. आज दोनशे वर्षांनंतरही ते आपल्या गावातल्या गोणीवर आहे.

‘सिमेंट’ म्हणजे मुळात खडी

पोर्टलंड कळलं, मग सिमेंट म्हणजे काय? हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन ही जुन्या रोमन लोकांची भाषा. त्यात ‘केमेंटुम’ असा शब्द होता. त्याचा अर्थ फोडलेला, ओबडधोबड दगड. मूळ धातूचा अर्थ कापणे, तोडणे. म्हणजे आज ज्याला आपण खडी किंवा कच म्हणतो, त्याच्या जवळचा तो शब्द.

रोमन लोक चुन्याच्या मालात हे दगडाचे तुकडे टाकून भिंती भरत. अशा बांधकामाला त्या दगडावरूनच नाव पडलं. पुढे शेकडो वर्षांत शब्द सरकत गेला. आधी तो दगडाच्या तुकड्यांचा होता, मग तुकडे आणि चुना मिळून झालेल्या मालाचा झाला आणि शेवटी फक्त धरून ठेवणाऱ्या भुकटीचा उरला. खडीचं नाव तिला चिकटवणाऱ्या वस्तूला मिळालं.

‘काँक्रीट’ हाही लॅटिनमधलाच. त्याचा अर्थ एकत्र वाढून घट्ट झालेलं. हा शब्द मात्र अर्थाला धरून राहिला. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी चौघं मिळून एकजीव झाले की ते काँक्रीट. यातला एकजण जरी कमी पडला तर नाव काँक्रीटचं असलं तरी काम काँक्रीटचं होत नाही.

पोझोलाना: ज्वालामुखीची राख आणि आपली सुरखी

आता गोणीवरचा तिसरा शब्द. गावाकडच्या दुकानांत पीपीसी भरपूर विकलं जातं. पीपीसी म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट.

इटलीत नेपल्स शहराजवळ पोझ्झुओली नावाचं गाव आहे. हा सगळा ज्वालामुखीचा मुलूख. तिथल्या जमिनीत राखेसारखी भुकटी सापडते. रोमन लोकांच्या लक्षात आलं की ही राख चुन्यात मिसळली की माल पाण्याखालीही घट्ट होतो. साधा चुना पाण्याखाली बसत नाही, हा मात्र बंदराच्या बांधकामातही टिकतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्हिट्रुव्हियस या रोमन बांधकामतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात या भुकटीबद्दल लिहून ठेवलं आहे. रोममधल्या पँथिऑन या देवळाचा घुमट सुमारे ४३ मीटर व्यासाचा आहे. त्यात लोखंडाची एक सळई नाही. साधारण एकोणीसशे वर्षं झाली, तो अजून उभा आहे. पोझ्झुओलीच्या या राखेवरून अशा गुणाच्या सगळ्या पदार्थांना पोझोलाना म्हणू लागले. एडिस्टनच्या दीपस्तंभासाठी स्मीटननेही इटलीहून पोझोलाना मागवला होता.

आपल्याकडे ज्वालामुखीची राख नाही, पण हे काम करणारी वस्तू आपल्या बापजाद्यांना ठाऊक होती. ती म्हणजे सुरखी. भाजलेल्या विटांची बारीक पूड. फारसीत ‘सुर्ख’ म्हणजे लाल, म्हणून ती सुरखी. चुन्याच्या घाणीत चुना, वाळू आणि सुरखी टाकून बैल फिरवायचे. गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, अशी घाणी अनेक किल्ल्यांवर आणि जुन्या वाड्यांजवळ आजही दिसते. त्या मालात कुठे गुळाचं पाणी, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरडा पडायचा. आडाच्या भिंती, बारवा, हौद या मालात बांधले गेले. पोझ्झुओलीच्या लोकांना राखेने जे दिलं, ते आपल्याला विटेच्या पुडीने दिलं.

आजच्या पीपीसीमध्ये ज्वालामुखीची राख नसते. त्यात असते कोळशाची राख. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, दीपनगर, एकलहरे अशा औष्णिक वीज केंद्रांत दळलेला कोळसा जळतो आणि त्याची पिठासारखी बारीक राख धुराबरोबर वर जाते. ती यंत्राने पकडतात. तिला फ्लाय ॲश म्हणतात. पीपीसीच्या भारतीय मानकानुसार सिमेंटमध्ये ही राख १५ ते ३५ टक्के असते. भाजलेल्या मातीची पूड घालून केलेल्या पीपीसीसाठीही मानकाचा वेगळा भाग आहे. म्हणजे सुरखीचं नातं सरकारी कागदावर अजून टिकून आहे.

राख म्हटलं की भेसळ, असा गावात समज आहे. ‘पीपीसी म्हणजे राखेचं सिमेंट, ते घेऊ नका’ असं सांगणारेही भेटतात. कारखान्यात मोजून, तपासून मिसळलेली राख ही भेसळ नाही. ती नावातच सांगितलेली आहे. भेसळ म्हणजे गोणी फोडून कोणीतरी परस्पर काहीबाही मिसळून पुन्हा शिवलेली गोणी. हे दोन वेगळे.

सिमेंट वाळत नाही, पाणी पितं

सिमेंट कसं तयार होतं ते थोडक्यात पाहिलं तर पुढचा मुद्दा सोपा होईल. चुनखडक आणि माती दळून फिरत्या भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यातून काळसर गोट्या निघतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडं जिप्सम टाकून पिठासारखं बारीक दळलं की झालं ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट, म्हणजे ओपीसी. जिप्सम शेतकऱ्याला चोपण जमिनीसाठी माहीत आहे. इथे त्याचं काम वेगळं. ते नसेल तर पाणी पडताच सिमेंट घमेल्यातच दगड होईल. जिप्सम त्याला थोपवून धरतं, म्हणून माल कालवून टाकायला वेळ मिळतो.

हे सिमेंट घट्ट होतं ते वाळून नव्हे. चिखल वाळला की कडक होतो आणि पाणी पडलं की पुन्हा चिखल होतो. सिमेंटचं तसं नाही. ते पाणी पिऊन, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. एकदा झालेला संयोग परत सुटत नाही. हे काम एका दिवसात संपत नाही. ते कित्येक दिवस आत चालू असतं आणि जोवर ओल आहे तोवरच चालतं. ओल गेली की ते थांबतं. वरून स्लॅब कडक दिसतो, आत सिमेंटचा काही भाग तसाच कोरडा, कामाविना पडून राहतो. म्हणून पाणी मारणे म्हणजे स्लॅब थंड ठेवणे नव्हे. उगवलेल्या पिकाला जसं दाणा भरेपर्यंत पाणी लागतं, तसं ते स्लॅबचं पाणी आहे.

आता पोझोलाना काय करतो? ओपीसी पाणी पिऊन घट्ट होताना त्यातून थोडा चुना मोकळा होतो. पीपीसीतली राख हा मोकळा चुना पकडते आणि त्याच्याशी मिळून आणखी घट्ट पदार्थ तयार करते. रोममध्ये राख आणि चुन्याचं जे चालायचं तेच इथे गोणीत चालतं. पण हे काम सावकाश होतं. म्हणून पीपीसीची ताकद सुरुवातीला हळू वाढते आणि पुढे वाढत राहते. नीट ओल मिळाली तर असं काँक्रीट पाणी कमी झिरपू देतं. ओल मिळाली नाही तर राखेचं काम अर्धवट राहतं.

मग पाणी किती दिवस?

काँक्रीटच्या कामासाठीचं भारतीय मानक (आयएस ४५६) याबद्दल स्पष्ट आहे. ओपीसी वापरलं असेल तर किमान ७ दिवस सतत ओल ठेवायची. पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस. हवा कोरडी आणि गरम असेल तर ओपीसीला किमान १० दिवस, आणि मिश्र सिमेंटला १४ दिवस.

आपल्याकडे घरांची कामं पावसाआधी उरकायची म्हणून बहुतेक स्लॅब मार्च ते मे मध्ये पडतात. हवा कोरडी आणि गरम, सिमेंट बहुतेक वेळा पीपीसी. म्हणजे आकडा १४ दिवसांचा. प्रत्यक्षात काय होतं ते गावात सगळ्यांना दिसतं. पहिले तीन दिवस उत्साहाने पाणी मारलं जातं, मग आड तळाला जातो, टँकरची वाट पाहावी लागते, सकाळी एकदा बादलीभर शिंपडलं की झालं. दुपारपर्यंत स्लॅब पांढरा पडतो. पुढच्या पावसाळ्यात छत गळायला लागलं की दोष सिमेंटच्या कंपनीला किंवा गवंड्याला दिला जातो.

पाणी कमी असेल तर निदान ते वाया जाऊ देऊ नये. स्लॅबवर मातीचे किंवा मालाचे लहान वाफे करून पाणी कोंडलं तर ते टिकतं. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. तेवढ्या स्लॅबवर ५ सेंटिमीटर पाणी कोंडायला साधारण १२५० लिटर लागतं. नंतर रोज उडून-झिरपून जाईल तेवढीच भर घालायची. कॉलम, बीम आणि भिंतींवर पाणी थांबत नाही. तिथे ओलं गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवणं हे दिवसातून दोनदा पाईप मारण्यापेक्षा बरं. आणि मुख्य म्हणजे स्लॅबची तारीख ठरवताना गवंड्याची सवड पाहतात तशी पुढच्या चौदा दिवसांच्या पाण्याचीही सोय पाहावी.

४३ आणि ५३ हे कसले आकडे?

ओपीसीच्या गोणीवर ४३ किंवा ५३ असा आकडा असतो. तो टक्के नाही. सिमेंट आणि ठराविक वाळूचा साधारण सात सेंटिमीटर बाजूचा ठोकळा करून २८ दिवस पाण्यात ठेवतात आणि मग यंत्रात दाबतात. एका चौरस मिलिमीटरवर त्याने किमान ५३ न्यूटन दाब सोसला तर ते ५३ ग्रेडचं. सोप्या भाषेत, त्या मुठीएवढ्या ठोकळ्यावर सुमारे २७ टन भार पडला तरी तो फुटता कामा नये. ऊस भरलेला मोठा ट्रक डोळ्यांसमोर आणा.

ही ताकद २८ दिवस पाण्यात ठेवलेल्या ठोकळ्याची आहे, हे विसरू नये. तीन दिवस पाणी मारलेल्या स्लॅबला गोणीवरचा आकडा लागू होत नाही. पीपीसीच्या मानकात ४३-५३ अशा ग्रेड नाहीत. त्याला २८ दिवसांची किमान ताकद ३३ ठरवलेली आहे. म्हणून ‘पीपीसी, पण ५३ ची’ असं कोणी सांगितलं तर गोणी फिरवून नीट वाचावी.

रंगाचंही तसंच. काळसर सिमेंट जोरदार आणि फिकट सिमेंट कमजोर, असा समज आहे. रंग कच्च्या मालावरून ठरतो, ताकदीवरून नाही. ॲस्पडिनने दिसण्यावरून नाव ठेवलं, पण आपण दिसण्यावरून सिमेंट निवडू नये.

आपल्याकडे कधी आलं?

भारतात सिमेंटच्या कारखान्याचा पहिला प्रयत्न १९०४ मध्ये मद्रासला झाला, पण तो टिकला नाही. १९१४ मध्ये गुजरातेतल्या पोरबंदरला निघालेल्या कारखान्यापासून आपल्या देशात सिमेंट नीट तयार होऊ लागलं. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट दगडाचा आहे. त्यात चुनखडक नाही. तो आहे चंद्रपूर, यवतमाळकडे. म्हणून राज्यातले सिमेंटचे मोठे कारखाने कोरपना, गडचांदूर, घुग्घुस या भागात आहेत.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना परमिटचं सिमेंट आठवत असेल. तेव्हा भाव आणि वाटप सरकारच्या हातात होतं. लग्नघराच्या ओट्यासाठी चार गोण्या हव्या असल्या तरी कचेरीत अर्ज करावा लागे. १९८२ मध्ये हे नियंत्रण अर्धवट उठलं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. तोवर मिळेल ते सिमेंट घ्यायचं, गोणीवर काय लिहिलंय ते विचारायची सोय नव्हती. आता सोय आहे, पण सवय लागलेली नाही.

गोणी घेताना हे वाचा

१. नाव: ‘ऑर्डिनरी पोर्टलंड’ आहे की ‘पोर्टलंड पोझोलाना’ ते पाहा. ‘पोर्टलंड स्लॅग’ असेल तर त्यात लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून घातलेली असते, तेही मिश्र सिमेंटच. मिश्र सिमेंट म्हणजे पाणी जास्त दिवस.

२. आयएसआय शिक्का: सिमेंटला तो सक्तीचा आहे. शिक्क्याजवळ ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲप घेऊन त्यात तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का ते दिसतं.

३. आठवडा आणि वर्ष: गोणी कोणत्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. आठवडा १० म्हणजे मार्चचा सुरुवातीचा काळ. सिमेंट हवेतली ओल पितं आणि मुरतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट तपासल्याशिवाय स्लॅबला वापरू नये. हाताला गुठळ्या लागल्या आणि त्या बोटांनी सहज फुटल्या नाहीत तर गोणी परत करा.

४. वजन आणि शिवण: गोणी ५० किलोची. शिवण पुन्हा मारल्यासारखी दिसली किंवा गोणी ढिली वाटली तर काट्यावर टाकून घ्या.

५. पावती: पक्की पावती घ्या आणि गोणीच्या छापील बाजूचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

६. साठवण: गोण्या जमिनीवर टाकू नका. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून अंतर, थप्पी दहा गोण्यांच्या वर नाही आणि वरून ताडपत्री. आधी आलेली गोणी आधी वापरा.

७. कालवलेला माल: पाणी पडल्यावर सिमेंट साधारण अर्ध्या तासानंतर बसायला सुरुवात होऊ शकते. म्हणून लागेल तेवढाच माल कालवा. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो वापरू देऊ नका.

रिकाम्या गोण्या आपल्याकडे वाया जात नाहीत. कोणी त्यात कांदा भरतं, कोणी दाराशी पायपुसणं करतं, कोणी गोठ्याला आडोसा लावतं. पुढच्या वेळी गोणी रिकामी होण्याआधी तिच्यावरचे ते तीन शब्द वाचावेत. पोर्टलंड हा शब्द फक्त एका दगडाची आठवण आहे. पण पोझोलाना हा शब्द दिसला तर घराच्या भिंतीवर कोळशाने १४ रेघा ओढाव्यात आणि पाणी मारलं की रोज एक खोडावी.